मॅडमची वही

आमच्या दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडम दुपारी डबा खाताना मोबाइलवर प्रशिक्षणाचे व्हिडिओ पाहतात. ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, त्यांच्याशी कसं बोलावं, हे त्यांत शिकवतात. शिकलेला प्रश्न वहीत उतरतो आणि आधी आमच्यावर आजमावला जातो. मी केसपेपरचा कारकून. "मॅडम, आज ऊन लय तपून राहिलं," म्हटलं, तरी त्या गंभीरपणे विचारतात, "याला पुरावा काय?"

कोंढा गावचे एक काका तीनदा येऊन गप्पच बसले होते. भातात कोणीतरी विष कालवतं, असं एक आवाज त्यांना सांगतो, हे त्यांना घेऊन येणाऱ्या बायकोकडून कळलेलं; पुढची तारीखही दर वेळी तीच मागून घ्यायची. जेवण जवळपास सुटलं होतं. चौथ्यांदा मी फाइल घेऊन आत गेलो, तेव्हा मॅडम वहीत पाहून विचारत होत्या, "याला पुरावा काय, काका?"

काकांनी खिशातून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. मला हसू आलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"मंग कसं विचारू, काका?"

"तुमाले असं काहून वाटते, इतकंच विचार ना बाई."

मॅडमनी वहीतलं वाक्य खोडलं, काकांचं लिहिलं आणि तेच विचारलं. काका पाऊण तास बोलले. निघताना ते एकटेच माझ्या खिडकीशी आले. म्हणाले, "पुढची तारीख दे."