विजेच्या खांबापर्यंत

नंदनवन वस्तीत राहणारा एक गिऱ्हाईक पंक्चर काढायला आला आणि सायकल आडवी करता करता म्हणाला, "तुमचे मेश्राम गेले ना काल." तुमचे म्हणाला... आठ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, तरी लोकांच्या लेखी तो माझाच राहिला होता. मी ट्यूब पाण्यात धरून बसलो. बुडबुडे कुठून येतात ते मला बराच वेळ दिसलं नाही.

शामराव मेश्राम शहराचे नकाशे काढणाऱ्या सरकारी कचेरीत सर्वेअर होता. माझं इतवारीत, स्टेशनसमोर, भाड्याच्या सायकलींचं दुकान. गावाकडून एक पंप घेऊन आलो आणि त्याच्या जोरावर उभा राहिलो. मेश्रामनं पहिल्या दिवशी सायकल घेतली, पुढच्या चाकाच्या स्पोकला लाल चिंधी बांधली आणि ती किती वेळा वर येते ते मोजत निघून गेला. परतल्यावर मी विचारलं, हा काय खेळ आहे. तो म्हणाला, गाडीतून उतरलेल्या माणसाला दवाखाना, शाळा, बाजार, गिरणी हे सगळं खरोखर किती लांब पडतं ते काढायचं आहे. सायकलनं वेगळं, पायी वेगळं. नकाशावर पट्टी ठेवली तर दवाखाना रुळांच्या पलीकडे लगेच दिसतो. पण पट्टीला रूळ आडवे येत नाहीत, माणसाला फाटकापर्यंत वळसा पडतो.

पायी लागणारा वेळ त्यानं आधी स्वतः चालून काढला. तो उंच, लांब ढांगांचा. माझी माय तेव्हा डोळ्यांच्या औषधासाठी रोज त्याच दवाखान्यात जायची. त्याचा आकडा ऐकून ती हसली, म्हणाली, "एवढ्या वेळात तं मी फाटकालेही पोचत नाही, बाबू." दुसऱ्या दिवशी हा घड्याळ घेऊन तिच्या मागून निघाला. माय दर दहा पावलांवर वळून पाही.

"काहून गा, माह्या मांगं मांगं येऊन राहिला? लोक काय म्हणतीन?"

"तू चाल वं माय. मी नाहीच असं समज."

ती जिथे टेकली तिथे तोही थांबला, किती वेळ टेकली ते लिहून घेतलं आणि घरी जाऊन आपला आधीचा तक्ता फाडला. तेव्हापासून पायी मोजायचं म्हणजे डोक्यावर टोपलं असलेली बाई, नाहीतर काठीवाला म्हातारा गाठायचा आणि त्याच्या मागे चालायचं, ही त्याची रीतच झाली. दोनदा शिव्या खाल्ल्या, एकदा बायकांनी त्याला चोर समजून घेरलं. संध्याकाळी दुकानात येऊन हे सगळं सांगायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो.

मग रुळांवरून पादचारी पूल बांधायचं ठरलं. अलीकडचा जिना माझ्या दुकानासमोर उतरवायचा की स्टेशनच्या पार दुसऱ्या टोकाला, दवाखान्याच्या गल्लीच्या समोर, हे मेश्रामच्या तक्त्यावर ठरणार होतं. मी सौदा करणारा माणूस. त्याला म्हटलं, तू खोटं लिहू नको, फक्त सायकलचा हिशेब वर धर. सायकलनं माझ्याच बाजूनं सगळं जवळ पडत होतं, हे त्याचेच आकडे सांगत होते. तो शांतपणे म्हणाला, "सायकलवाल्याले दोन वळणं जास्त पडली तं तो शिवी देते अन् जाते. माय रस्त्यातच बसते."

जिना दुसऱ्या टोकाला उतरला. गाडीतून उतरणारी माणसं तिकडे वळली आणि माझ्या दारातला राबता एका हंगामात आटला. मी सगळ्यांदेखत त्याला म्हणालो, "आजपासून माझ्या दुकानाची पायरी चढू नको."

त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. पायरी चढू नको हे शब्द त्या घरानं पिढ्यान् पिढ्या ऐकले होते. मी रागानं बोललो, जातीनं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ऐकणाऱ्याला ते कसं लागलं, हे मात्र विचारलं नाही. त्यानं स्पोकवरची चिंधी सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि सायकल जागेवर लावून गेला. जिना माझ्या बाजूलाच हवा होता असं मी आजही म्हणतो. ते वाक्य मात्र परत घ्यायला हवं होतं...

तेराव्याची वगैरे त्यांच्यात रीत नाही. आठवड्यानं मी नंदनवनात त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि एक वही पुढे ठेवली. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्याला रोज थोडं चालायला सांगितलं होतं. पान पान भरून त्याचं बारीक अक्षर: कुठपर्यंत गेलो, किती मिनिटं, कुठे बसलो. पिठाची चक्की. नाल्यावरचा पूल. शाळेचा कोपरा. दर काही दिवसांनी पुढे.

"तुमच्या दुकानापर्यंत जायचं होतं त्यांले, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "म्हणत होते, बोलावलं तं जाईन. नाही तं तिथूनच परत येईन."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, दुकानासमोरचा विजेचा खांब. पुढे वेळ. बसलो नाही.

ती संध्याकाळ मला आठवते. रस्त्यापलीकडे खांबाला हात लावून तो उभा होता, फार वाळलेला. मला वाटलं, माफी मागायला आला आहे, तर येऊ दे की चार पावलं. मी पाठ फिरवून भिंतीवरचे टायर मोजायला घेतले. वळलो तेव्हा खांबाशी कुणी नव्हतं.

आता दिवेलागणीला मी रस्ता ओलांडून त्या खांबाशी जाऊन उभा राहतो. तिथून दुकान स्पष्ट दिसतं. टांगलेले टायर दिसतात, पाण्याचं घमेलं दिसतं. आत कुणी बसलं असेल तर त्याचं तोंड इकडे आहे की पाठ, तेही दिसतं.