भावजींनी घडवलेली मूठ

देवाने माणसाला हात दिले ते कशाची तरी मूठ धरण्यासाठीच, असं आमच्या मोठ्या भावजींचं ठाम मत आहे. मोठे भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. कोयता, कुदळ, खोरं, ज्याला म्हणून लाकडी मूठ लागते ते गावातून त्यांच्याकडे येतं. पण भावजी आधी शेतातल्या ओल्या मातीचा गोळा येणाऱ्याच्या हातात देतात आणि आवळायला सांगतात. मातीत बोटं उमटली की त्याबरहुकूम लाकूड तासतात. एकाचा कोयता दुसऱ्याने वापरला तर त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटतं. बँकेतल्या नव्या साहेबांनी एकदा हात मिळवला, तर यांनी तो सोडलाच नाही. उलटापालटा करून पाहिला आणि कचेरीत बोलायच्या शुद्ध भाषेत म्हणाले, "साहेब, तुमची करंगळी आखूड आहे. कोयता हलका घ्यावा." साहेब आयुष्यात कोयता घेणार नव्हते, पण मान मात्र डोलावली. मी लग्न होऊन आले, तर तिसऱ्याच दिवशी माझ्यापुढेही गोळा आला. मला मान वर करायची चोरी. "आवळ गो बाय, माती ती, चावूची नाय," असं म्हणाले. त्या घरात माझ्या मापाची पहिली वस्तू ती कोयती.

त्यांची नात रेश्मा कुडाळला शाळेत धनुष्यबाण शिकायला लागली. क्रीडा वसतिगृहाची निवड जवळ आली तेव्हा तिच्या मॅडम म्हणाल्या, हिला स्वतःचं धनुष्य हवं. त्या धनुष्याचा मधला धातूचा भाग, जिथे हात असतो, त्याला रायझर म्हणतात. वर आणि खाली पाती जोडायची, मग दोरी. हाताची गोष्ट म्हटल्यावर भावजी कोणाचं ऐकतात! रेश्माच्या आईला काजूच्या कारखान्यातून सुट्टी नव्हती, म्हणून तिच्याऐवजी मी, असे आम्ही तिघं कोल्हापूरच्या दुकानात गेलो. रेश्माचं मन एका लांब, लालभडक रायझरवर बसलं. मोठ्या स्पर्धेतली मुलं तसलाच वापरतात, असं दुकानदारही म्हणाला. भावजींनी तो तिच्या डाव्या हातात दिला, हात सरळ पुढे धरायला लावला आणि आपण तपकीर ओढत बसले. थोड्या वेळाने तिचा खांदा थरथरू लागला.

"हात दुखता?"

"नाय ओ आजोबा."

"मगे खांदो कित्या नाचता? रंग काय बाण मारतलो?"

शेवटी आखूड, हलका, काळा रायझर घेतला. तो धरून तिचा हात हलेना. रेश्मा मात्र गगनबावड्याचा घाट उतरेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

तिथवर भावजींचं सगळं बरोबर होतं. पण त्या रायझरची मूठ प्लास्टिकची आणि सुटी निघणारी होती, ती त्यांना कशी बघवेल? त्यांनी रेश्माकडून गोळा आवळून घेतला आणि दहा दिवस खपून शिवणीच्या लाकडाची मूठ केली, चार बोटांना चार खाचा. गाव बघायला आलं. निवडीला आठवडा राहिला तेव्हा रेश्मा विहिरीवर माझ्याजवळ रडायला लागली. बाण सगळे डावीकडे जात होते. मॅडम म्हणत, धनुष्य मुठीत आवळायचं नसतं, आवळलं की ते वळतं. हात नुसता टेकवायचा, बोटं सैल.

"मूठ बदल म्हणतत. आजोबांक कसा सांगू, काकीआजी? तूच सांग."

इतक्या वर्षांत घरात मी भावजींशी बोलले असेन ते दाराआडून. त्या दिवशीही दाराआडूनच म्हटलं, "भावजी, ता आवळून धरूचा नसता म्हणे."

"धरूचा नाय? मगे काय पुजूचा?"

पण दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते कुडाळला गेले आणि दिवसभर शाळेच्या मैदानाकडेला बसून मुलांचे हात बघत राहिले. बाण सुटला की धनुष्य हातातून पुढे पडतं आणि बोटांना बांधलेल्या दोरीच्या फासावर अडकतं, हे त्यांनी शंभरदा पाहिलं असेल. घरी येऊन जेवले नाहीत. रेश्माला बोलावलं, नवा गोळा केला. या वेळी "आवळ" म्हणाले नाहीत. म्हणाले, "ठेव हात. नुसतो ठेव." अंगठ्याच्या बुडाचा एवढासा खळगा उमटला. मग आपल्याच चार खाचा त्यांनी कानशीने घासून काढल्या, सपाट होईपर्यंत. मी चहा ठेवला तो तसाच गार झाला.

निवडीच्या दिवशी रेश्माचा फोन आला, तो मीच घेतला. निवड झाली होती. मी पहिल्यांदाच दार ओलांडून पडवीत भावजींसमोर गेले आणि त्यांना सांगितलं. ते इतके हसले की तपकिरीची डबी सांडली. मग एकदम थांबले.

"म्हणजे ता आता हयसून जातला?"

"होय. जूनमदी. थय वसतिगृहातच रवाचा, थयच शाळा."

निवड म्हणजे रेश्मा घरातून जाणार, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती निवडली जावी म्हणून मात्र त्यांनी जिवाचं रान केलं होतं.

"बरा झाला," असं म्हणाले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून बसून राहिले. या घरात आल्यापासून त्यांचे हात रिकामे असे मी कधी पाहिलेच नव्हते.