माळवदावरची माती

मी इतिहासाचा शिक्षक आहे आणि मला ऐकणारी माणसं लागतात. वर्गात ती आयती मिळतात, बाहेर मिळत नाहीत. म्हणून आमच्या जिल्ह्यातल्या एका भुईकोट किल्ल्यात शनिवार-रविवार ‘जिवंत इतिहास’ भरवायचं ठरलं, तेव्हा मी कुणी न बोलावता समितीत जाऊन बसलो. कल्पना सोपी होती. किल्ल्यात शिरल्यावर एकेका जागी एकेक काळ. पहिल्या बुरुजावर आदिलशाही तोफखाना, पुढं निजामाच्या वेळची कचेरी, मग रझाकारांचे दिवस, आणि शेवटी खंदकाच्या बाजूला ‘भूकंपाआधीचं गाव’. वेश केलेली माणसं आपापल्या काळातलं काम करत राहणार, बघणाऱ्यांनी विचारायचं, त्यांनी सांगायचं.

आदिलशाही शिपाई कॉलेजातून पोत्यानं मिळाले. सगळ्यांच्या पायात स्पोर्ट शूज होते, पण ते चाललं. अडलं शेवटच्या काळापाशी. माळवद घालणारं कुणी उरलंच नव्हतं. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर काटक्या-पाला अंथरून वर मातीचा जाड थर दिलेलं सपाट छप्पर. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर लोकांनी सिमेंटची घरं घेतली आणि ही विद्या घराबरोबरच गाडून टाकली. शेवटी मी भूकंपात पडलेल्या सास्तूरहून एका बाईंना शोधून आणलं. सत्तरीच्या होत्या. सगळं गाव त्यांना मावशी म्हणत होतं, मीही म्हणायला लागलो.

जीपमधून येताना त्यांनी आपणहून सांगितलं. आईचं दुखणं निघालं म्हणून त्या माहेरी गेल्या होत्या. घरी सासू आणि दोन लेकरं, थोरली मुलगी, धाकटा मुलगा. परत आल्या तेव्हा घराच्या जागी ढिगारा होता.

“धरणीमायनं नेली,” त्या म्हणाल्या. “तिचीच व्हती. तिनं दिली, तिनं नेली. तिच्यासंगं काय भांडावं, गुर्जी?”

हे त्या शांतपणे बोलल्या, बाहेरची ज्वारी बघत. ही बाई तीस वर्षं या एका वाक्यावर उभी आहे, हे मला तिथंच कळलं. ते इथं लिहून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते न कळून केलं असं कुणी म्हणू नये.

“एवढ्या लांब यायला कशा तयार झालात?” मी विचारलं.

“ही विद्या कुणाला शिकवलीच न्हाय म्या. लेक असती तर तिला शिकवली असती. तितं लई पोरी येतील म्हणाला ना तुमी?”

पोरी आल्या. लई आल्या. शनिवारी सकाळी शाळांच्या गाड्यांनी मैदान भरलं. मावशींनी आधीच्या चार दिवसांत गड्यांना हाताशी धरून खांब, तुळया, कमरेएवढ्या भिंती असं खोलीभर घर उभं केलं होतं. मातीचा शेवटचा थर लोकांसमोर द्यायचा म्हणून ठेवला होता.

माझी जागा पहिल्या बुरुजावर, तोफेजवळ. महिनाभर तयारी करून मी गेलो होतो. गोळा कसा ओतायचे, दारू कुठून यायची, सगळं पाठ होतं. पण माझी मंडळी पाच मिनिटं उभी राहायची, तोफेवर हात टेकून फोटो काढायची आणि पुढं सरकायची. अकराच्या सुमाराला माझ्यापुढं दोन शिपाई उरले, तेही वेफर्स खात. सगळी गर्दी खंदकाकडं. पलीकडून हसण्याचा आवाज येत होता. मला राग आला.

मी माझा माईक उचलला आणि तिकडं गेलो. मावशी नऊवारीचा काचा मारून छपरावर बसल्या होत्या, लाकडी थापीनं माती चोपत होत्या आणि खालच्या पोरींशी बोलत होत्या. एका पोरीला त्यांनी वर घेतलं होतं. तिच्या हातात थापी देऊन, तिचा हात आपल्या हातात धरून ठोका कसा द्यायचा ते दाखवत होत्या. मी जन्मात इतका आनंदी चेहरा बघितला नसेल. समितीनं तिथं नेमलेल्या निवेदकाला मात्र एवढ्यानं भागत नव्हतं. भूकंपाचा गडगडाट स्पीकरवर लावू का, असं तो मला विचारत होता. मी त्याला झापलं. थोडी तरी लाज बाळग, म्हणालो. त्या भल्या कामाची शाबासकी मी माझी मलाच देऊन घेतली.

शिक्षण खात्याचे एक साहेब आले, म्हणून मी पुढं होऊन माईकवर माहिती द्यायला लागलो. “इथली चिकट काळी माती यासाठी वापरत.”

वरून आवाज आला, “काळी न्हाय, गुर्जी. पांढरी. जुन्या गढीची. काळी टाकली तर पहिल्या पावसात समदं घर अंगावर गळंल. पुस्तकात पावसाचं पाणी येत न्हाय, म्हणून तुमाला ठावं न्हाय.”

सगळे खदखदून हसले. साहेब हसले, माझे विद्यार्थी हसले. मावशींच्या मनात काही नव्हतं, घरच्या माणसाची करावी तशी थट्टा त्यांनी केली. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“बरोबर, पांढरी,” मी म्हणालो. “आता ही पांढरी माती काय करते ते ऐका. छप्पर गळू नये म्हणून घरातली बाई दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवा थर टाकायची. जुना काढायची नाही, त्याच्यावरच नवा. पिढ्यान् पिढ्या. छपरावर हत्ती बांधल्यासारखं वजन व्हायचं. जमीन हलली आणि ते सगळं ओझं खाली झोपलेल्यांवर आलं. मुलांनो, लक्षात ठेवा. माणसं भूकंपानं मारली नाहीत. या मातीनं मारली.”

हे बोलताना मी मुलांकडं बघत नव्हतो, वर बघत होतो. टाळ्या पडल्या. मावशींनी पोरीचा हात सोडला होता.

दगडी भिंती नुसत्या चिखलात रचलेल्या होत्या, त्या आधी फुटल्या. माती कमी असती तरी कोण वाचलं असतं हे कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. हे मला माहीत होतं. मी ते गाळलं, कारण ते सांगून मावशींच्या मनाला काही लागलं नसतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या चहाच्या टेबलापाशी आल्या. हाताला माती तशीच होती.

“गुर्जी, माझं माळवद कधी गळलं न्हाय. गल्लीत समद्यांची गळायची. बाकीच्या बाया धा टोपल्या टाकायच्या, म्या पंधरा टाकायची. लेकरांच्या अंगावर थेंब पडू नये म्हणून.” मग त्या थांबल्या. “वरच्या पाच टाकल्या नसत्या तर?”

“मावशी, तसं नसतं. भिंतीसुद्धा कच्च्या...”

“ते माईकवर न्हाय सांगितलं तुमी.”

“राहून गेलं.”

“न्हाय. समद्यांपुढं सांगितलं ते खरं असतंय. चहापाशी सांगत्यात ती समजूत असती.”

मला तेव्हाच मैदानात जाऊन सगळं परत सांगता आलं असतं. माईक टेबलावरच होता. पण साहेबांनी नुकतीच पाठ थोपटली होती. छान केलंत सर, मुलांना विज्ञान कळलं, उद्याही हेच ठेवा, असं ते म्हणाले होते. उद्या बघू, असं मी स्वतःला सांगितलं आणि भजी घेतली.

रविवारी तीन खेळ होते. सकाळी मी भिंतींबद्दल चार वाक्यं कागदावर लिहून आणली. पण मी बोलायच्या आत मावशींनी निवेदकाला हाक मारली आणि माईक मागून घेतला. माईक कसा धरतात ते त्यांना येत नव्हतं, म्हणून श्वास मोठा ऐकू येत होता.

“पोरींनो, हे माळवद. ह्याच्यावर दरसाल माती टाकत्यात. म्या दुसऱ्या बायांपरीस जास्ती टाकली. ती अंगावर पडून माझी दोन लेकरं मेली. मला तीस वर्सं ठावं न्हवतं. काल ह्या गुर्जींनी सांगितलं.”

धरणीमायचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी कागद घेऊन पुढं झालो, “मावशी, जरा मला...” तर त्यांनी हातानंच मला थांबवलं, जसं मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालणाऱ्याला थांबवतात. मग थापी उचलली आणि त्या चोपायला लागल्या. आज त्यांनी कुणा पोरीला वर घेतलं नाही. काल थापी धरलेली ती मुलगी खाली उभी राहून वाट बघत होती, ती थोड्या वेळानं निघून गेली.

टाळ्या खूप पडल्या. काहीजणींनी डोळे पुसले आणि पुसून झाल्यावर फोटो काढले. साहेब माझ्या कानाशी आले. “याला म्हणतात जिवंत इतिहास,” ते म्हणाले. “हे तुम्हाला सुचलं कसं?” मी हसलो. खरंच हसलो, आणि कागद खिशात घातला.

दुपारच्या खेळाला मावशी पुन्हा तेच बोलल्या, त्याच शब्दांत. संध्याकाळच्या खेळापर्यंत दिवसभर चोपून त्यांचा हात भरून आला, माईक धरवेना. निवेदकानं माझ्याकडं बघितलं. तेव्हा मी छपराला लावलेल्या शिडीवर चार पायऱ्या चढलो आणि त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत माईक त्यांच्या तोंडापुढं धरून उभा राहिलो.