पिठाची विरी गेली

आमच्या घरात आई आणि मी, दोघीच. आई कडक भाकऱ्या करून दुकानात द्यायची. पातळ, कडेपर्यंत एकसारख्या. तिच्या थापण्यात मी कधी खोट काढली नव्हती, काढायची टापच नव्हती. त्या सकाळी मात्र भाकरी एका अंगानं जाड झाली आणि तव्यावर टाकताना मोडली. दुसरीचंही तेच झालं.

"पिठाची विरी गेलीय की गं," आई म्हणाली. "ताजं दळून आण."

जुन्या ज्वारीच्या पिठाचा चिकटपणा जातो, तेव्हा असं म्हणतात. मला पटलं. तिचे शब्द जड येत होते, पण सकाळी तोंडात मिसरी असतेच, म्हणून सोडून दिलं. वर चिडवलंही, म्हटलं, आता हात थकला बाई तुझा. ती उजवा हात चोळत राहिली.

शहाणी मी! ज्वारीचा डबा उचलून गिरणीत गेले. रांग होती, त्यात वीज गेली. बायकांशी गप्पा मारत बसले, कुणाच्या तरी सुनेवरून खदखदून हसलेसुद्धा. ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुपारी घरी आले, तर आई भिंतीला टेकून बसलेली. तोंड एका बाजूला ओघळलेलं. उजवा हात परातीत तसाच, त्यावर पीठ वाळलेलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, हे कधी सुरू झालं? मी सकाळची भाकरी सांगितली. ते लिहिता लिहिता थांबले. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघायचं असतं, म्हणाले. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेतच देता येतं, आणि ती वेळ गेली होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आई वाचली. हात गेला, आणि बोलण्यातला एकच शब्द उरला, 'व्हय'. चहा हवाय का, व्हय. नकोय का, तरी व्हय.

काल तिची वेणी घालताना धीर करून विचारलं, "आई, माझ्यावर राग आहे तुझा?"

"व्हय."

वेणीचा शेवटचा पेड घालत म्हटलं, "मग माफ केलंस का गं?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"व्हय."

यातलं कुठलं खरं धरू, हे आता तिलाही सांगता येणार नाही.