पाव एकर आणि एक जुनी गाडी

बाळांनो, तुम्ही पिस्कॅटवेला डेकेअरमध्ये होतात, त्या वर्षी मी दर मंगळवारी एका चर्चच्या तळघरातल्या फूड पँट्रीत जात असे. गरजूंना तिथे शिधा फुकट मिळे. डबे मांडायचं काम माझं: जुन्या तारखेचे पुढे, नव्या तारखेचे मागे. सोबतीला माझ्याच वयाच्या, आयरिश वंशाच्या एक बाई असत. "तुला बघून डबेसुद्धा ताठ उभे राहतात," असं त्या म्हणायच्या.

पँट्रीचा एक नियम होता. ज्याच्याकडे गाडी आहे, त्याला शिधा नाही. गोदामातली नोकरी गेलेला एक माणूस गाडी दोन रस्ते पलीकडे लावून चालत येई. एका मंगळवारी समितीच्या अध्यक्षांनी त्याला गाडीतून उतरताना पाहिलं आणि रिकाम्या हातांनी परत पाठवलं. 

बाई चिडल्या. डबे पुसता पुसता त्यांनी आपल्या पणजोबांची गोष्ट सांगितली. आयर्लंडमध्ये दुष्काळ होता. पूर्वी गरीबखान्यात राहायला गेलं तरच पोटाला मिळे. मग कायदा सुधारला, बाहेर, आपल्या घरी राहणाऱ्यांनाही मदत मिळू लागली. अट एकच: पाव एकराहून जास्त जमीन कसत असाल तर ती सोडायची. "पणजोबांनी सोडली. सूप मिळालं. पुढच्या वर्षी पेरायला जमीनच नव्हती, म्हणून बोटीत बसून इकडे आले."

हा कायदा मी बी.ए.ला वाचला होता. आमच्या पुस्तकात तो 'सुधारणा' म्हणून चार ओळींत संपला होता. जमीन सोडल्यावर माणसाने करायचं काय, हे त्यात नव्हतं.

समितीच्या पुढच्याच बैठकीत मी हात वर केला. अंगात सुती साडी, वरून तुमच्या आईचा कोट.

अध्यक्ष म्हणाले, "गाडी विकली तर दोन महिने आरामात खाईल."

"आणि तिसऱ्या महिन्यात कामावर कसा जाईल? इथे बस आहे कुठे?" मी बाईंच्या पणजोबांच्या जमिनीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "आपणही सूप देऊन शेत काढून घेतोय."

"मॅडम, गाडी म्हणजे काही शेत नव्हे."

मागून बाई म्हणाल्या, "तू आज चालत आलास वाटतं?"

सगळे हसले, शेवटी अध्यक्षही. हात वर झाले आणि नियम गेला. मी इंग्रजीत बोलले, एकदाही अडखळले नाही. आयुष्यात कायदा म्हणावा असं काही मी बदललं ते एवढंच, पण त्याचा मला आजही अभिमान आहे.

पुढच्या मंगळवारी परत पाठवलेल्या त्या माणसाची फिकट निळी गाडी थेट दारात आली. बाईंनी हातवारे करून ती नीट मागे घ्यायला लावली. डिकी मी भरली: जड डबे खाली, ब्रेड वर.

"सोमवारी एक इंटरव्ह्यू आहे," तो म्हणाला. "जागा लांब आहे. पण जाईन गाडीने."