दाराआडचं वाक्य

आमच्या बडोद्यात बंगाली सिनेमा बघायचा म्हणजे दादांच्या तोंडून बघायचा. दादा म्हणजे आमच्या ह्यांचे रिफायनरीतले सहकारी, मूळचे कलकत्त्याचे. दोघं कोयलीला रिफायनरीत नेणाऱ्या बसमध्ये रोज शेजारी बसायचे आणि घरंही आमची समोरासमोर. सयाजीगंजात एका फिल्म क्लबात रविवारी सकाळी सिनेमे दाखवत. रिळं कुठून कुठून मागवलेली, खाली इंग्रजी ओळी बहुतेक नसायच्याच. मग दादा तिसऱ्या रांगेत मधोमध बसत आणि पडद्यावरचं माणूस बोललं की मोठ्याने हिंदीत सांगत. पन्नास-साठ मराठी-गुजराती माणसं त्या एका आवाजाच्या भरवशावर हसायची आणि डोळे पुसायची.

त्या सिनेमांतलं कलकत्ता मला आधी अति वाटे. भिंतीभर घोषणा, नोकरी नसलेली पोरं, मध्येच थांबलेल्या ट्रामा, गल्लीत बॉम्ब फुटला की खिडक्या लावून घेणाऱ्या बायका. आणि त्याच घरात मासा कोणता आणायचा यावरून भांडण. मी म्हणायचे, असं कुठे असतं का? मग एकदा आमच्या भागातही कर्फ्यू लागला. मी खिडकी लावून घेऊन वालपापडी निवडत बसले आणि ती कोवळी नाही म्हणून ह्यांच्यावर चिडले. तेव्हा उमगलं, असंच असतं.

दादांचा धाकटा भाऊ कलकत्त्यातल्या तसल्याच धुमश्चक्रीत गेला होता. पोलिसांनी उचलला, पुन्हा दिसला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. दादा त्यानंतर इकडे नोकरीला आले ते कलकत्त्याला परत गेलेच नाहीत. त्यांना त्याबद्दल काही विचारायचं नाही, असं ह्यांनी मला बजावलं होतं. माझं तोंड ह्यांना चांगलंच माहीत.

एका रविवारी जो सिनेमा लागला त्यात असेच दोन भाऊ होते. धाकटा चळवळीत, लपतछपत फिरणारा. एकदा तो घराशी येतो, कडी वाजवतो. दार उघडत नाही. आतून थोरल्याचा आवाज येतो, आणि धाकटा वळून धुक्यात निघून जातो. दादा क्षणभर थांबले, मग म्हणाले, "तो सांगतोय, मागच्या गल्लीने जा, पुढे पोलीस उभे आहेत." सगळ्या हॉलने सुस्कारा सोडला.

नंतर सेव-उसळ खाताना मी म्हटलं, "भाऊ असावा तर असा." दादा खाली बघून पाव मोडत राहिले. मी तिथे थांबायला हवं होतं, पण थांबते कसली. मी शाळेत शिकवायची, मला एखादं उदाहरण सापडलं की ते मी वर्षानुवर्षं वापरते. दादांना बहीण नव्हती, म्हणून भाऊबीजेला मी त्यांना ओवाळायची. पाटावर बसवून, कपाळाला टिळा लावून, दर वर्षी तेच म्हणायची, त्या सिनेमातल्यासारखा भाऊ मिळालाय मला. ते हसायचे आणि ताटात साडी ठेवायचे.

हे गेले. पाठोपाठ दादांची बायको गेली. दादांचे कान इतके गेले की कानातलं मशीनसुद्धा त्यांनी खणात टाकून दिलं. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहायचे, ते वाचून मराठीत उत्तर द्यायचे. गेल्या वर्षी त्यांच्या लेकीने त्यांना बंगळुरूला न्यायचं ठरवलं. निघण्याआधी त्यांनी एकच मागितलं. "बेन, तो सिनेमा एकदा दाखवा. दोन भावांचा."

मला तो लॅपटॉपवर सापडला, स्वच्छ केलेला, खाली इंग्रजी ओळींसकट. दादांना त्या बारीक ओळी दिसणार नव्हत्या आणि आवाज ऐकू येणार नव्हता. आता सांगणारी मी. धडा आधी वाचून वर्गात जायची माझी सवय, म्हणून आदल्या दिवशी एकटीने बघून घेतला. कडी वाजली. आतून थोरला बोलला आणि खाली ओळ आली. तो म्हणत होता, "निघून जा. या घरात तुझं कोणी नाही."

मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. त्यात गल्ली नव्हती, पोलीसही नव्हते. इतकी वर्षं मी ज्या भावाचे गोडवे गात होते, तो सिनेमात नव्हताच. दादांनी तो तिथल्या तिथे घडवला होता. आणि का घडवला असेल, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत जिवाला घोर लागून राहिला, की पाटीवर काय लिहू?

दुपारी दादांच्या घरी आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. मी भराभरा लिहीत होते, पुसत होते. तो प्रसंग आला आणि मी लिहिलं, मागच्या गल्लीने जा, पुढे पोलीस आहेत.

दादांनी पाटी माझ्या हातातून घेतली. बराच वेळ वाचत राहिले.

"बेन, तुम्ही आधी बघून आलात ना?"

मी मान हलवली.

"हे मी त्याला म्हणायला हवं होतं," ते म्हणाले. "माझी तिकडची नोकरी नवी होती. तो दोन दिवसांचा उपाशी होता. मी आतून कडी धरून उभा राहिलो. आईने सगळं ऐकलं. त्यानंतर ती माझ्याशी कधी बोलली नाही." सिनेमा पुढे चालू होता, पण बघत कोणी नव्हतं. मग त्यांनी पाटी तळहाताने पुसून माझ्यासमोर धरली. "या भाऊबीजेला येऊ ना?"

खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. त्या पोराचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, तरी तो उपाशी दाराबाहेर उभा दिसत होता. आणि दर वर्षी मला बोलू दिलं, हसत ऐकून घेतलं, त्याचाही राग. मी खडू हातात धरून बसले आणि काही लिहिलं नाही. उशीर झाला म्हणून उठले आणि घरी आले. वाटलं, दोन दिवसांनी राग ओसरेल, मग लिहीन. दुसऱ्याच दिवशी लेक आली आणि त्यांना घेऊन गेली. जाताना मी खिडकीतून पाहिलं, खाली उतरले नाही.

भाऊबीजेला ताट लावलं आणि मला राहवेना. लेकीला फोन केला. म्हटलं, "त्यांना मोठ्या अक्षरांत लिहून दाखव. म्हणावं, या."

"काकू, बाबा आता वाचत नाहीत," ती म्हणाली. "पाटी समोर धरली तर नुसती पुसत बसतात."