माठावर ठेवलेला हेडसेट

१४ डिसेंबर २०२४, शनिवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटे. बोरी अरबची लाईट गेली आणि मी आनंदाने टाळी वाजवली.

"सारं गाव शिव्या देऊन राह्यलं अन् हे पोरगी टाळ्या पिटते!" ओसरीवर बसलेल्या कमलकाकू म्हणाल्या.

टाळीचे कारण असे. मेंदूतून उमटणारे विद्युत-संकेत इतके क्षीण असतात, की घरातल्या वायरिंगची पन्नास हर्ट्झची गुणगुण त्यांना झाकून टाकते. लाईट गेली की ती गुणगुण थांबते. लॅपटॉप बॅटरीवर, हेडसेट बॅटरीवर आणि आसपास एकही जिवंत तार नाही... शहरातल्या प्रयोगशाळेत असताना मला एवढा स्वच्छ सिग्नल कधी मिळाला नव्हता!

पुढचे लिहिण्याआधी एक सांगणे आवश्यक आहे. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आहे. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातून अंगारे-धुपारे, भानामती, बाहेरचे लागणे हे सगळे हद्दपार झाले. गूढ अनुभवांच्या अशा सदरांतले किस्से मी आजवर वाचले, ते त्यांतली चूक शोधण्यासाठी. माझ्या अनुभवातली चूक आता तुम्ही शोधावी, म्हणून लिहिते आहे.

बेबीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डोळे उघडे असत, पण नजर कुठेच ठरत नसे. त्यांना कितपत समजते, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना. शेजारच्या कमलकाकू त्यांना भरवत, न्हाऊ घालत. मुलगा विलासदादा पुण्यात नोकरीला. त्याने तिथल्या एका केअर सेंटरमध्ये जागा घेतली होती आणि रविवारी सकाळची गाडी ठरवली होती. आत्यांना कोणी विचारले नव्हते... विचारणार तरी कसे? मला त्यांच्याकडून एक 'हो' किंवा एक 'नाही' हवे होते, आणि हातात एकच दिवस होता.

हेडसेट स्वस्तातला, चार इलेक्ट्रोडचा, ध्यानधारणेसाठी विकला जाणारा. कंपनीचे मोबाइल ॲप फक्त 'तुम्ही किती शांत आहात' एवढेच सांगते. कच्चा सिग्नल देत नाही. तो लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीवर मिळतो. जगभरातल्या हौशी लोकांनी लिहिलेला, सर्वांना खुला असलेला प्रोग्रॅम मी जुन्या लॅपटॉपवर चढवला आणि त्याला पायथॉन या संगणकभाषेत माझी भर घातली. आपण स्वस्थ असतो तेव्हा मेंदूच्या हात हलवणाऱ्या भागात एक संथ लहर चालू असते. हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी ती दबते. म्हणजे लहर दबली तर 'हो', तशीच राहिली तर 'नाही'. या लहरीची गती प्रत्येकाची थोडी वेगळी असते. माझी १०.६ हर्ट्झ. विलासदादाने हसत हसत हेडसेट घातला, त्याची ११.२. आत्यांची मात्र त्याहून बरीच संथ, ८.९.

"बाशिंग बांधलं का काय वं माय बेबीबाईले?" कमलकाकूंनी विचारले.

"काकू, हसवू नका ना. दात काढले की स्क्रीनवरच्या रेघा नाचतात."

"म्या काढले तं नाचतीन का? माहे तं राह्यलेच नाहीत!"

'उजवा हात हलवल्याची कल्पना करा,' असे सांगून पाहिले. काहीच घडले नाही. मग मला लहानपणच्या कापूसवेचणीच्या सुट्ट्या आठवल्या. मी एक बोंड वेचेपर्यंत आत्यांच्या दोन्ही हातांनी अख्खे झाड रिकामे केलेले असायचे.

"आत्या, हो म्हणाचं असन तं मनातल्या मनात कापूस वेचा. नाही म्हणाचं असन तं काहीच करू नका. तुमचं नाव बेबी हाय का?"

लहर दबली. स्पष्ट, ठसठशीत दबली!

"विलास तुमचा भाऊ हाय का?"

लहर तशीच राहिली. मी आणखी प्रश्न विचारत गेले. एखादे उत्तर चुकले, बाकी सगळी बरोबर. मी दादाकडे पाहिले. तो खुर्चीच्या कडेवर आला होता.

"योगायोग असन, कीर्ते," तो म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता. "तिले काही समजत नाही. मले खोटी आस कायले लावून राह्यली?"

खऱ्या प्रश्नाची वेळ आली आणि नेमके इलेक्ट्रोडचे फोम सुकले. कमलकाकूंनी आत्यांची खुर्ची अंगणात उन्हाला नेली. मी आतल्या खोलीत फोम मिठाच्या पाण्यात भिजवले आणि हेडसेट पाण्याच्या माठावर चढवला. ही माझी नेहमीची तपासणी. माठ ओला, गोल, डोक्याएवढा, आणि त्याला मेंदू नाही. त्यावर रेघ सपाट आली की उपकरण ठीक आहे असे समजायचे. रेघ सपाट आली. रेकॉर्डिंग चालूच ठेवून मी दोन हात लांब बसले.

बाहेर दादाला धीर धरवला नाही. मातीच्या भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला.

"आई, पुण्याले येतं ना माह्यासंग?"

माठावर लहर उठली.

सपाट रेघेतून एक संथ, नियमित लहर वर आली आणि तशीच चालत राहिली. मला भीती वाटली नाही. खरे सांगते, नवा ग्रह दिसावा असा आनंद अंगभर सळसळला.

"मंग इथंच राहाचं का तुले?"

लहर दबली... आणि काही क्षणांनी रेघ पुन्हा सपाट झाली.

मी हेडसेट उचलून अंगणात धावले, आत्यांच्या डोक्याला बांधला आणि तेच दोन प्रश्न त्याच क्रमाने विचारले. पुण्याला – नाही. इथे – हो. दादा स्क्रीनकडे पाहत होता. मग त्याने आईच्या मांडीवर डोके ठेवले. उठल्यावर ड्रायव्हरला फोन लावला.

"उद्या गाडी नको भाऊ. नाही, परवाही नको. मी काही दिवस इथूनच काम करतो."

माठाचे मी त्याला संध्याकाळी सांगितले. त्याने डोळे पुसले आणि तो हसला.

"हे कोणाले सांगू नको. आपल्याच घरच्या माठाले हार घालतीन लोकं!"

त्यानंतर मी सगळे तपासले. जुने रेकॉर्डिंग चुकून पुन्हा चालले असेल? आत्यांच्या प्रत्येक नोंदीशी माठावरच्या रेकॉर्डिंगचा तो तुकडा ताडून पाहिला; कुठेच जुळला नाही. ब्लूटूथची गडबड? आसपास दुसरा हेडसेटच नव्हता. लाईट असताना, नसताना, तोच माठ, तेच मीठ. रेघ दर वेळी सपाट. आत्या आता रोज उत्तरे देतात आणि कमलकाकूंच्या भाजीला बिनदिक्कत 'नाही' म्हणतात. माठाने पुन्हा काहीही सांगितलेले नाही. माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही.

एकच शक्यता उरली होती. माठाजवळ मी होते. कदाचित माझाच सिग्नल कसातरी पाण्यात उतरला असेल. तसे असेल, तर लहरीची गती माझीच, १०.६, निघायला हवी. तेच निघावे, अशी माझी फार इच्छा होती. प्रोग्रॅमला त्या तुकड्याची गती काढायला सांगितली आणि स्क्रीनवर शेवटची ओळ उमटली –

माठ : ८.९